कोवळेपणाचे चार दिवस

थंड मुलखांत बर्फ वितळून भूमी ओली झाली की वसंताची वर्दी पुष्कळदा फुलांच्याही आधी नेच्यांचे कोंब देतात. टोकाशी गुंडाळी केलेले, लवदार आणि कोवळे हिरवे असे हे कोंब जमिनीतून वर येतात. ते उलगडून त्यांची पाने होण्यापूर्वी, म्हणजे अवघ्या काही दिवसांच्या अवधीत, ते खुडून घ्यावे लागतात, कारण एकदा पान पसरले की त्याचा देठ राठ होतो आणि चवही जाते. जपानात डोंगरउतारावरचे वाराबी, कॅनडाच्या न्यू ब्रुन्सविक प्रांतात नदीकाठचे शहामृगी नेचे, हिमाचल प्रदेशात लिंगड, कुमाऊं-गढवालात लिंगुडा आणि आसामात ढेकिया शाक अशा नाना नावांनी नेच्यांचे कोंब माणसाच्या ताटात येतात. आसामात तर बोहाग बिहूच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, एकशे एक प्रकारचा हिरवा पाला एकत्र शिजवून खाण्याची परंपरा आहे आणि ढेकियाला त्या मेळ्यात मानाचे स्थान आहे.

मराठवाड्यातल्या धाराशिव जिल्ह्यात मात्र नेच्यांची भाजी होत नाही, आणि त्याचे कारण भूमीतच आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांनी व्यापलेला, पर्जन्यछायेत सापडलेला, तेरणा, मांजरा, सीना आणि बोरी या नद्यांच्या पाण्यावर आशा ठेवून जगणारा हा मुलूख वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पावसावर आपला निर्वाह करतो. आणि बारमाही ओलावा मागणाऱ्या नेच्यांना इतक्यात भागवता येत नाही. दख्खनच्या अशा कोरड्या भागात जे थोडे नेचे तग धरतात ते जुन्या तटांच्या सांदीत आणि बारवांच्या दगडी चिरांत. त्यांतील मोरशिखा उन्हाळ्यात वाळून काडीसारखी होते आणि पावसाची पहिली सर येताच पुन्हा हिरवी होऊन मोराच्या पिसाऱ्यासारखी पसरते. विहिरीच्या ओलसर भिंतीवर हंसराज झुलतो. या दोन्ही वनस्पती वैदूंच्या बटव्यातल्या, स्वयंपाकघरातल्या नव्हेत.

तथापि, ज्या जाणिवेतून आसामी गृहिणी ढेकियाचा कोंब उलगडण्याच्या आत खुडते, ती जाणीव धाराशिवच्या शेतांत आणि गायरानांत यत्किंचितही कमी नाही. येथील रानभाज्यांचे सारे शास्त्र एकाच तत्त्वावर उभे आहे, आणि ते म्हणजे कोवळेपणाचा काळ ओळखणे. जी वनस्पती आज भाजी आहे तीच आणखी दहा दिवसांनी तण होते आणि महिन्याने गुरांनीही तोंड न लावावे अशी काडी होऊन उभी राहते. वनस्पतीचे कोवळे अंग पाण्याने भरलेले, पातळ भिंतींच्या पेशींचे आणि तंतुविरहित असते. वय वाढेल तसे त्या भिंतींत काष्ठद्रव्य साठत जाते आणि खाणाऱ्या प्राण्यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी पुष्कळशा वनस्पती कडू, तुरट किंवा अपायकारक द्रव्ये अंगी बाळगू लागतात. म्हणून हा अवधी नेमका हेरणे हीच या विद्येतील मुख्य गोष्ट होय, आणि ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबणाऱ्या बायकांनी राखली आहे.

या जिल्ह्यात असा कोवळेपणा वर्षातून तीनदा येतो. पहिल्यांदा तो चैत्रात झाडांवर येतो. सारे रान उन्हाने करपलेले, ओढे आटलेले आणि जमीन भेगाळलेली असताना चिंचेच्या झाडाला जी तांबूस-पोपटी पालवी फुटते, तिला येथे चिगूर म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढ्या या पालवीची पर्णिका अजून पुरती उघडलेली नसते आणि तिची आंबट चव फळाच्या चवीपेक्षा सौम्य असते. मुले ती झाडाखालीच खातात. घरी आणलेला चिगूर तळहातांवर चोळून त्यातल्या काड्या काढल्या जातात आणि तो शिजत्या तुरीच्या डाळीत पडतो, किंवा भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि हिरवी मिरची यांच्यासह खलबत्त्यात कुटून त्याची चटणी होते. भाजीपाल्याचा बाजार ज्या महिन्यांत सर्वांत ओका असतो, त्याच महिन्यांत खोल मुळांच्या बळावर हे झाड ताजी हिरवाई पुरवते, ही गोष्ट कोरडवाहू मुलखात लहान नव्हे. गुढी पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर आणि कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ यांच्यासह वाटून खाण्याचा जो आचार साऱ्या महाराष्ट्रात आहे, त्यातही नव्या पालवीच्या सेवनानेच वर्षारंभ होतो.

दुसरा आणि सर्वांत मोठा बहर मृगाच्या पावसानंतरचा. जून महिन्यात दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की काळ्या जमिनीचा पोत पालटतो, आणि वर्षभर मातीत निद्रिस्त असलेले बी एकदम जागे होते. पेरलेले पीक अजून बोटभर वर आलेले नसते, तोच न पेरलेली हिरवाई बांधांवर, पडीक तुकड्यांत, गायरानात आणि पिकाच्या दोन तासांमध्ये दाटते. सर्वांत आधी दिसतो तो तरोटा, ज्याला कोकणात टाकळा म्हणतात. त्याची पाने दिवसा पसरलेली असतात आणि सायंकाळी जोडीजोडीने मिटून घेतात. या लकबीवरून मुलांनाही तो ओळखता येतो. तरोट्याची भाजी करायची तर रोप वीतभर होण्याच्या आत शेंड्याची पाने घ्यावी लागतात. ती उकडून, पाणी पिळून टाकून, लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या डाळीसह परतली की तिचा उग्र वास जातो आणि एक खमंग तुरटपणा मागे राहतो. पुढे याच रोपाला पिवळी फुले आणि लांब शेंगा येतात, तेव्हा कोणी त्याकडे भाजी म्हणून पाहत नाही.

तरोट्यामागून तांदुळजा, काटेमाठ, कुंजर, कुरडू, केना, आघाडा, घोळ आणि चिवळ अशी रांगच लागते. कुरडूला पुढे रुपेरी-गुलाबी तुरे येतात आणि मग शेतकरी त्याला पिकाचा वैरी मानतो. परंतु तुरा येण्यापूर्वीची त्याची पाने मऊ आणि रुचकर असतात. घोळ आणि चिवळ यांची पाने जाड, रसाळ आणि आंबटसर. त्यांत मूग किंवा तुरीची डाळ घालून पातळ भाजी करतात. आधुनिक आहारशास्त्राने घोळीच्या पानांत ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल असल्याचे दाखवून दिले आहे, आणि पालेभाजीच्या मानाने ते प्रमाण लक्षणीय आहे. केन्याची पाने बेसनात बुडवून तळतात. बांधाला चिकटून पसरणारी, तोडल्यावर दुधाळ चीक देणारी पाथरी मात्र बहुधा चुलीवर चढतच नाही. ती निवडून, धुऊन, मीठ, तेल आणि शेंगदाण्याचे कूट घालून ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्चीच खाल्ली जाते.

या खुडणीचे स्वरूप पाहू जाता असे दिसते की तिच्यासाठी स्वतंत्र वेळ कोणी काढीत नाही. ती खुरपणीच्या पोटातच होते. बायका ओळीने बसून पुढे सरकत असतात, उजव्या हातातील खुरपे तणाच्या मुळाशी जाते, आणि डावा हात उपटलेल्या मुठीतून क्षणार्धात निवड करतो. बहुतेक तण मागे पडते, काही पदराच्या ओटीत जाते. निवडीची कसोटी अंगठ्याच्या नखात असते: देठ नखाने दाबताच टचकन तुटला तर तो भाजीचा, आणि साल न तुटता नुसता वाकला तर तो गुरांचा. उन्हे उतरल्यावर बांधावर पाला निवडण्याचे काम होते. मातीचा आणि किडीचा भाग टाकून, जून पान वेगळे करून, जे उरते ते घरी जाते. त्या एका कामात पिकाची निंदणी, घरची भाजी आणि जनावरांचा चारा ही तिन्ही प्रयोजने साधली जातात, आणि यातले काहीच वाया जात नाही.

श्रावण-भाद्रपदाकडे वळताना पाल्याचा भर ओसरतो आणि रानफळांचे दिवस येतात. त्यांत कडवंची हे या भागाचे खास वैभव होय. हिचा बारीक वेल काळ्या जमिनीतील कंदापासून फुटतो. वरचा वेल दर वर्षी वाळून जातो. कंद मात्र मातीत जिवंत राहतो आणि पावसाळा येताच नवा कोंब वर पाठवतो. बोटाच्या पेराएवढी, उभ्या शिरा असलेली, कारल्याच्या जातीची तिची फळे आठवडी बाजारात टोपल्यांतून विकायला येतात. त्यांचे बी कठीण होण्याच्या आत ती तोडावी लागतात, म्हणून त्यांचा हंगाम अल्पकाळच टिकतो. टोके खुडून तेलात कांद्यासह परतावी, शेंगदाण्याचे कूट घालावे आणि झाकण न ठेवता खरपूस होऊ द्यावे, ही साधी रीत. जास्त मिळाली तर लोक ती उन्हात वाळवून ठेवतात आणि पुढे तळून तोंडी लावतात. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वारकरी वाघाट्याची भाजी आवर्जून करतात, तीही रानवेलीच्याच फळांची, आणि वर्षातील त्या चार दिवसांपुरतीच बाजारात येणारी.

तिसरा कोवळेपणा रब्बीचा. हस्ताच्या पावसावर पेरलेला हरभरा फुलावर येण्यापूर्वी त्याचे शेंडे खुडण्याची रीत आहे. खुडलेल्या ठिकाणाहून झाडाला फांद्या अधिक फुटतात, झाड पसरट होते आणि घाटेही वाढतात. म्हणजे घरची भाजी आणि पिकाची मशागत ही एकाच बोटांनी होतात. या पाल्यावर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा थर असतो; त्यालाच आंब म्हणतात. पूर्वी पहाटेच्या दवात हरभऱ्यावरून स्वच्छ धोतर फिरवून ते पिळून ही आंब धरली जाई आणि पोटदुखीवर औषध म्हणून जपून ठेवली जाई. हरभऱ्याचा पाला वाळवून उन्हाळ्यासाठीही साठवतात. पाण्यात भिजवून, ज्वारीचे पीठ किंवा बेसन लावून शिजवला की वैशाखातही हिवाळ्याची चव मिळते. करडईच्या पिकाची विरळणी करताना जी रोपे उपटावी लागतात त्यांची कोवळी पानेही अशीच भाजीला जातात, कारण पुढे त्याच पानांच्या कडांना काटे येतात. लातूर-धाराशिवकडच्या वेळ अमावास्येला शेतातच मांडलेल्या पंगतीत जी भज्जी वाढली जाते, तिच्यात ओले हरभरे, तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा आणि हाती लागेल तो हिरवा जिन्नस एकत्र शिजतो. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे आणि आंबील. वर्षातील सर्व कोवळ्या वस्तूंचा असा एकत्र सन्मान करणारा दुसरा सण या मुलखात नाही.

येथे एका गोष्टीचा विचार करणे प्राप्त आहे. या जिल्ह्याचा बराचसा इतिहास निजामाच्या हैदराबाद संस्थानात घडला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्यास उस्मानाबाद म्हणत, १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि २०२३ मध्ये धाराशिव हे जुने नाव जिल्ह्यास अधिकृतपणे परत मिळाले. जमाबंदी झाली, पीकपाहणी होत राहिली, आणेवारी लागत गेली, सातबाराच्या उताऱ्यावर ज्वारी, तूर, करडई, हरभरा यांच्या नोंदी पडल्या. परंतु तरोटा, कुरडू किंवा पाथरी यांची नोंद कोणत्याही दप्तरात कधी झाली नाही, कारण त्यांवर सारा नव्हता आणि त्यांना बाजारभावही नव्हता. वस्तुतः दुष्काळी मुलखात त्यांची किंमत बाजारभावाने मोजताच येत नाही. पावसाने ओढ दिल्यावर आणि कणगी रिकामी झाल्यावर जेव्हा अखेरीस पाऊस पडतो, तेव्हा धान्य हाती येण्यास तीन-चार महिने लागतात. रानभाजी मात्र पंधरा-वीस दिवसांत ताटात पडते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. त्या पिढीला ठाऊक आहे की भाकरीबरोबर खायला काही हिरवे मिळणे याचा अर्थ काय असतो.

जे उपयुक्त आहे ते निष्काळजीपणे हाताळले तर अपायकारकही ठरते, म्हणून चार नियम सांगणे अवश्य आहे. पहिला नियम असा की जिची ओळख पक्की नाही ती वनस्पती केवळ दिसण्यावरून तोडू नये. जाणत्या बाईच्या हाताखाली एक पावसाळा काढल्याखेरीज ही ओळख पुरती होत नाही. दुसरा, शिजवण्याची जी रीत परंपरेने सांगितली आहे तिला फाटा देऊ नये. १९९४ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात नेच्यांचे कोंब नीट न शिजवता खाल्ल्याने अनेकांना उलट्या-जुलाब झाले, आणि तेव्हापासून ते भरपूर उकळूनच खावेत असा सल्ला तेथील आरोग्यखाते देत आले आहे. जपानी लोक वाराबीचे कोंब राखेच्या किंवा सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवतात, कारण त्यांतील कर्करोगकारक द्रव्य त्यामुळे बहुतांशी नष्ट होते. आपल्याकडे तरोट्याचे पाणी पिळून टाकण्याची रीतही अशाच अनुभवातून आलेली आहे. तिसरा, घोळ, चिवळ आणि माठवर्गीय भाज्यांत ऑक्झॅलेट पुष्कळ असते, म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्या बेताने खाव्यात. चौथा, औषध फवारलेल्या शेतातून, रहदारीच्या रस्त्याच्या कडेने आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठून भाजी कधीही खुडू नये. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यासारख्या संरक्षित हद्दीत तर खुडणीला कायद्याचीच मनाई आहे, आणि ती पाळणे योग्यच आहे.

या नियमांपैकी चौथा नियम आज सर्वांत कठीण झाला आहे. गेल्या काही दशकांत जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीनने मोठा मुलूख व्यापला, मजुरांची टंचाई वाढली, आणि खुरपणीची जागा तणनाशकाने घेतली. यात शेतकऱ्यास दोष देणे न्यायाचे होणार नाही. मजुरीचा खर्च आणि पिकाचा भाव यांचा मेळ बसत नसताना त्याने जो स्वस्त मार्ग दिसला तो धरला. परंतु तणनाशकाने केवळ तण मरत नाही. ओटीत पडणारी भाजी मरते, आणि ती भाजी ओळखणारी दृष्टीही पुढच्या पिढीत उतरत नाही, कारण ती दृष्टी पाठ देऊन नव्हे, तर खुरपे हाती धरून शेजारी बसल्याने येत होती. ज्या मुलीने कधी खुरपणीला हात लावला नाही, तिला तरोटा आणि इतर रोपटी यांतील फरक कोण सांगणार? अलीकडे कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तेथे बचत गटांच्या महिला टोपल्या मांडतात आणि शहरातील माणसे उत्सुकतेने पाककृती विचारतात. हा उपक्रम स्तुत्य आहे. मात्र वर्षातून एक दिवस मांडलेल्या टोपलीत ज्ञानाचे दर्शन घडते, त्याची वस्ती शेतातच असावी लागते.

त्यासाठी फार मोठा खटाटोप नको. प्रत्येक शेताच्या एका बांधावर, दोन-तीन हात रुंदीची पट्टी फवारणीतून वगळली तरी कडवंचीचा कंद, पाथरीचा पसारा आणि कुरडूचे बी जिवंत राहील. गायरानाच्या जमिनीवरील अतिक्रमणे रोखताना ग्रामसभेने गुरांच्या चाऱ्याबरोबर या वनस्पतींचाही विचार करावा. शाळांनी परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना बांधावर न्यावे आणि गावातील एखाद्या वृद्ध बाईस गुरू म्हणून बोलवावे. आणि कुटुंबाने तर एवढेच करावे की येत्या मृगाच्या पहिल्या दोन सरींनंतर, आठ-दहा दिवसांनी, घरातील सर्वांत जुन्या आजींना बरोबर घेऊन आपल्या किंवा ओळखीच्या न फवारलेल्या शेतावर जावे, तरोटा, कुरडू आणि पाथरी या तीनच वनस्पती त्यांच्याकडून नीट शिकून घ्याव्यात, आणि देठ नखाने तुटतो की वाकतो हे मुलांच्या बोटांना स्वतः पाहू द्यावे. तीन भाज्यांची ओळख एका पावसाळ्यात होते, पुढल्या वर्षी आणखी तीन. आणि दुष्काळाने वारंवार परीक्षा घेतलेल्या या जिल्ह्यात अन्नाचा एवढा खात्रीचा, एवढा फुकट आणि एवढा चविष्ट आधार माहीत असलेली एक पिढी तयार होण्यास त्याहून अधिक काही लागत नाही.